पथ्याचा चहा

आमच्या घरातला सगळ्यात चांगला कप मोरीशेजारच्या कोनाड्यात असायचा, आणि तो माझ्या वडिलांचा होता. पांढराशुभ्र, काठाला निळी रेघ, कान शाबूत. बाकी आम्ही टवके उडालेल्या कपांतून चहा प्यायचो आणि ते टवके उडालेले कप मात्र स्वयंपाकाच्या फळीवर ऐटीत बसलेले असायचे. लहानपणी मला वाटायचं, आप्पा घरातले कर्ते, म्हणून त्यांचा कप वेगळा. वेगळा ठेवणं आणि बाजूला ठेवणं यात फरक असतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आप्पांना पहिल्यापासून माहीत होतं, पण ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. चहा झाला की आपला कप आपण विसळायचे आणि कोनाड्यात पालथा घालून कामावर जायचे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली पिठाची गिरणी. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. ती थांबली की अव्वा दचकून विचारायची, "लाईट गेली काय गं?" अव्वा म्हणजे माझी आई. ती निपाणीकडची. रागावली की कानडी, लाडात आली की कानडी, मधल्या वेळेत कोल्हापुरी. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नसे. रविवारी सगळी पेठ मटणाच्या वासानं घमघमायची, तेव्हा अव्वा खिडकी लावून घ्यायची आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसायची, जरा जास्तच जोरात. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या ती अशा करायची की गार झाल्या तरी पापडासारख्या मोडाव्यात. कुणाच्या घरी काय खावं, कुणाच्या हातचं पाणी प्यावं, कुणाकडे नुसतं उंबऱ्यावर बसून यावं, याचं सगळं शास्त्र तिच्या डोक्यात पक्कं होतं. आमच्या धर्मात असलं काही नाही असं आप्पा म्हणायचे. अव्वा म्हणायची, "धर्मात नसंल, घरात हाय."

आप्पा हिवतापाच्या खात्यात होते. पेठ वडगावच्या बाजूची काही गावं त्यांच्याकडे असायची. सकाळच्या एसटीनं वडगाव गाठायचं, तिथं एका दुकानामागं ठेवलेली सायकल काढायची आणि घरोघर विचारत फिरायचं, कुणाला ताप आलता का? आला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालायची. गावातली माणसं त्यांना डाक्टर म्हणत. आप्पा दर वेळी म्हणायचे, "मी डॉक्टर न्हाय बाबांनो," पण इतक्या हळू आवाजात की ते कुणाला ऐकू जाऊ नये.

त्यांच्या गावांपैकी एकाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि मला भेटतात. त्या गावाबाहेर ओढ्याकाठी दलित वस्ती होती. वस्तीतलं पहिलं घर शेवंताक्काचं. नवरा नव्हता, एक मुलगा होता, आणि ती दुसऱ्यांच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची. पण वस्तीत तिचा शब्द चालायचा. तिनं बोट पुढं केलं की सगळे करत, तिनं मागं घेतलं की सगळे घेत. आप्पा नोकरीत नवे असताना पहिल्यांदा तिच्या दारात गेले, तेव्हा तिनं चहा आणला. आप्पांच्या गळ्यात लिंग, मनात अव्वाचं शास्त्र. त्यांनी हात जोडून सांगितलं, "चहा नको, पथ्य आहे."

पथ्य हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा. नको म्हणायचं, पण माणसाला दुखवायचं नाही, असा त्याचा वापर. पण त्या वस्तीत तो आप्पांच्या आधीच पोचला होता. तलाठ्याला पथ्य असायचं, मास्तरांना पथ्य असायचं, मतं मागायला येणाऱ्यांना तर हमखास असायचं. वस्तीचा उंबरा ओलांडला की बघता बघता सगळ्यांची पोटं बिघडायची. शेवंताक्कानं चहा खाली ठेवला आणि आप्पांच्या हातातल्या सुईकडे बघून विचारलं, "आमचा च्या चालत न्हाय, मग आमचं रगत कसं चालतंय, डाक्टर?"

तिनं आपलं बोट मागं घेतलं. वस्तीतल्या सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले. त्या पावसाळ्यात वस्तीत ताप होता, पोरं गोधडीखाली कुडकुडत होती, आणि आप्पा रिकाम्या काचपट्ट्या घेऊन परत आले. पुढच्या फेरीला ते आधी शेवंताक्काच्या दारात गेले आणि म्हणाले, "चहा टाका." चहा प्यायले. मग बोटं पुढं आली. हे आप्पांनी मला अव्वा देवळात गेलेली असताना सांगितलं होतं, आणि सांगताना ते हसत होते, पण ती बाई बोलली ते शब्द सांगताना हसले नाहीत.

अव्वाला मात्र कुणा पाहुण्यानं सांगितलं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं निळ्या काठाचा कप कोनाड्यात ठेवला, संपलं. घरातला चांगला कपच का ठेवला, हे मी तिला पुढे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय फुटका देऊ? नवरा हाय माझा." दोन्ही खरं होतं. तिला नवऱ्याचा मान ठेवायचा होता आणि त्याच्यापासून अंतरही ठेवायचं होतं.

आता चहाचं सांगते. कोल्हापूर म्हणजे गुळाचा मुलूख, वस्तीत रोजचा चहा गुळाचाच व्हायचा. गुळात दूध फाटतं म्हणून तो कोराच. बायका पहाटे तो पिऊन उसात जायच्या, दुपारी भाकरी कमी पडली की परत तोच. भूक मारायला गोड गरम पाण्यासारखं स्वस्त काही नसतं. पण डाक्टर आले की रेशनवरची साखर निघायची, कुणाकडून तरी वाटीभर दूध यायचं, आणि साखर मानाच्या हिशेबानं पडायची. जेवढा पाहुणा मोठा तेवढा चहा गोड. आप्पा म्हणायचे, शेवंताक्काच्या चहात चमचा उभा राहतो. आणि हा चहा एका घरी घेऊन भागत नसे. तिच्याकडे घेतला आणि शेजारी नाही घेतला, तर शेजारी काय पाप केलं होतं? गावातल्या मोठ्या वाड्यावर आप्पा खुशाल म्हणायचे, "आज नको पाटील," आणि पाटील म्हणायचे, "बरं, राहू द्या." तिथं नको म्हणता यायचं. जिथं रेशनची साखर मोडून चहा केलेला असायचा, तिथंच नको म्हणता यायचं नाही.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास आप्पा वाळत चालले. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलायला लागली. तांब्या सारखा तोंडाला. अव्वाला आधी वाटलं, उन्हातनं फिरतात म्हणून. मग एक दिवस तिला मोरीत मुंग्या दिसल्या. तिनं माझ्यावर तोफ डागली, साखर सांडलीस म्हणून. मी साखरेच्या डब्याला हातही लावला नव्हता. तिनं मोरी धुतली, मुंग्या परत आल्या. ती मोरीच्या दारात उभी राहिली आणि कानडीत असं काही पुटपुटली की मला भीती वाटली. तिच्या वडिलांच्या लघवीतही साखर जायची, मोरीत अशाच मुंग्या लागायच्या, आणि ते त्याच दुखण्यात गेले होते.

त्याच महिन्यात आप्पांना नवी चप्पल चावली. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावतेच, त्याचं कुणाला कौतुक नसतं. तेल लावायचं, कापसाचा बोळा घालायचा, आणि चालायचं. पण आप्पांच्या करंगळीजवळची जखम सुकेना. त्यांना ती दुखतही नव्हती, आणि यालाच ते चांगलं लक्षण समजत होते. शेवटी अव्वानं त्यांना सरकारी दवाखान्यात ओढत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि मग चष्मा काढून सांगितलं, "साखर बंद. चहा बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. नाहीतर आज बोट जाईल, उद्या पाय."

आप्पांनी घरी साखर सोडली ती एका दिवसात. अव्वानं त्यांच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी, कारल्याचा रस, मेथ्या, सगळं सुरू केलं. तरी मोरीतल्या मुंग्या हटेनात. अव्वा रोज सकाळी मोरीत वाकून बघायची, जशी एखादी आई पोरांचं प्रगतिपुस्तक बघते. मुंग्या दिसल्या की विचारायची, "काल वस्तीत गेलतासा?" आप्पा म्हणायचे, "छे." अव्वा म्हणायची, "मुंग्या खोटं बोलत न्हाईत."

मग एकदा आप्पा चिडले. ते क्वचित चिडायचे, त्यामुळे मला तो प्रसंग नीट आठवतो. पायाला पट्टी बांधलेली, समोर मेथ्यांचं पाणी. म्हणाले, "काय सांगू तिथं? पथ्य आहे म्हणून? एकदा सांगितलंय मी ते. तेव्हा खोटं होतं. आता खरं आहे हे कुणाला पटणार? आता चहा सोडला तर म्हणतील, बदलला डाक्टर, गेला आपल्या जातीच्या वाटेनं. बोट कोण पुढं करणार? त्या वस्तीत ताप हटलेला नाही अजून." अव्वा म्हणाली, "त्यांच्या बोटासाठी तुम्ही पाय देणार काय?" आप्पांनी मेथ्यांचं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि उठून गेले. कप मात्र विसळून कोनाड्यात ठेवायला विसरले नाहीत.

आज माझ्या फ्रिजवर साखर तपासायचं यंत्र आहे. सकाळी उठल्यावर मी स्वतःच्या बोटाला सुई टोचते, आकडा बघते आणि त्याप्रमाणे भाकरी खायची की नाही ते ठरवते. मुलगा अमेरिकेतून विचारतो, "आई, गोड बंद आहे ना?" मी म्हणते, बंद आहे. मला नको म्हणायला काय लागतं? हळदी-कुंकवाला पेढा समोर आला तर मी म्हणते, "शुगर आहे," आणि समोरची बाई म्हणते, "अगंबाई, मलाही." नको म्हणून कुणाचा अपमान होत नाही, अशा जागी मी राहते. पुस्तकात पथ्य हे माणसाच्या मनाच्या निग्रहावर अवलंबून असतं असं लिहितात. आप्पांकडे निग्रह माझ्यापेक्षा दसपट होता.

शेवटी अव्वानंच मनाशी ठरवलं. आप्पांची कोल्हापुरात कचेरीत मीटिंग होती, त्या दिवशी ती मला म्हणाली, "चल." कुठं ते सांगितलं नाही. एसटी स्टँडवर तिनं वडगावची तिकिटं काढली तेव्हा मला कळलं. हातातल्या पिशवीत तिनं घरचा पाण्याचा तांब्या घेतला होता, वर झाकण, झाकणावर फडकं बांधलेलं. वडगावहून बैलगाडीनं गावाजवळ गेलो आणि पुढं पायी. ओढा ओलांडताना अव्वाचा पाय थबकला. तिनं पदर घट्ट केला, गळ्यातलं लिंग पोलक्याच्या आत सारलं आणि पुढं निघाली. ती जन्मात पहिल्यांदा अशा वस्तीत पाय ठेवत होती.

शेवंताक्का अंगणात तुरीच्या काड्या बांधत होती. काळी, उंच, हाताच्या शिरा दोरीसारख्या. कोण आलंय हे सांगितल्यावर ती लगबगीनं उठली, हातावर पाणी घेतलं, घोंगडं अंथरलं. "डाक्टरच्या घरातल्या? आँ? बसा की वैनी. पोरगी तुमची व्हय? बस गं." अव्वा बसली, पण घोंगड्याच्या अगदी काठावर. तांब्याची पिशवी मांडीवर. तिनं घसा साफ केला आणि घरून ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं.

"बाई, ह्यांना चहा देत जाऊ नका. ह्यांना पथ्य हाय."

शेवंताक्काचे हात थांबले. तिचा चेहरा बदलला नाही, नुसता बंद झाला. मागच्या खोपटातून दोन म्हाताऱ्या डोकावल्या.

"पथ्य," ती म्हणाली. "हितं यायला लागलं की सगळ्यास्नीच पथ्य हुतंय वैनी. आमास्नी वाटलं हुतं, डाक्टरचं बरं झालंय."

"तसलं न्हाय हो," अव्वा म्हणाली. "खरंच दुखणं हाय. साखरंचं. पायाला जखम झालीया, भरत न्हाय. डॉक्टर म्हणतोय पाय काढावा लागंल."

"खरं असंल की. मी न्हाय कुटं म्हणतो? तलाठी बी खरंच म्हणत हुता." शेवंताक्काची नजर त्या फडकं बांधलेल्या तांब्यावर गेली आणि तिथंच राहिली. "पाणी घरचं आणलायसा जणू."

अव्वानं पिशवीचं तोंड मुठीत धरलं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि अव्वाचा रागही येत होता. तांब्या तरी बाहेर ठेवून यायचा.

शेवंताक्का खाली बसली, अव्वाच्या समोर. आता तिचा आवाज दुखावल्यासारखा नव्हता, व्यवहाराचा होता. "बगा वैनी. डाक्टरनी च्या सोडला की ह्या म्हाताऱ्या बोट देणार न्हाईत. मी देईन, पर ह्या न्हाईत देणार. लई वर्सं लागल्यात त्यास्नी हात फुडं करायला. मी सांगिटलं दुखणं हाय, तर त्या म्हणणार, शेवंते, तुला बी गंडावलं. तवा एक करा. डाक्टरच्या वाटचा च्या तुमी घ्या. हितं, ह्यांच्या म्होरं. डाक्टरच्या मालकिणीनं घेतला म्हटल्यावर मग मला सांगता येतंय, की बाबांनो, शिवाशिवीचं न्हाय ह्ये, खरंच दुखणं हाय."

अव्वानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी तिच्यात कधी बघितलं नव्हतं. माझी आई घाबरली होती. तिनं आयुष्यभर जपलेलं सगळं एका बाजूला होतं आणि आप्पांचा पाय दुसऱ्या बाजूला. तिनं पोलक्याच्या वरून लिंगाला हात लावला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "टाका."

चुलीत काड्या पडल्या. शेजारून कुणीतरी दूध आणलं. मी बघत होते, शेवंताक्कानं डबा पालथा करून तळाची साखर खरवडून घातली. मग फडताळातून तिनं एक कप काढला, नवा, पांढरा, बशीसकट, आणि अव्वापुढं ठेवला. म्हणाली, "डाक्टरचा हाय. दुसऱ्या कुनाला देत न्हाय मी." म्हणजे आप्पांचा कप तिथंही बाजूलाच ठेवलेला होता. अव्वानं तो उचलला. बशीत ओतून नाही, थेट कपातून प्यायली, एक घोट, दुसरा, आणि मग न थांबता शेवटपर्यंत. म्हाताऱ्या दारातून पुढं सरकल्या होत्या. कप खाली ठेवून तिनं पदरानं ओठ पुसले.

"लई गोड हाय," ती म्हणाली.

"मग? डाक्टरला असाच लागतो. मी जास्तीची घालतो त्यांच्यात."

"म्हणूनच कुजायला लागलाय की त्यांचा पाय!" अव्वा एकदम ओरडली. तिला ते तसं बोलायचं नव्हतं. पण बोलून झालं होतं.

शेवंताक्कानं तोंडावर हात घेतला. तिला आतापर्यंत वाटत होतं की हा मानपानाचा प्रश्न आहे, आणि तिथं बसल्यावर माझी आईही त्यातच अडकली होती. साखरेनं पाय कुजतो हे त्या बाईला आता पहिल्यांदा पटत होतं. "आई गं," ती म्हणाली, "मी चमचा चमचा वाढवत गेलो की. म्हटलं, डाक्टर वाळायला लागल्यात, जरा अंगाला लागंल." आणि ती रडायला लागली. अव्वानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आपण कुठं ठेवलाय हे अव्वाच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आल्यावरही तिनं तो काढला नाही.

परत येताना एसटीत, कोल्हापूर जवळ आल्यावर अव्वा म्हणाली, "आप्पांना सांगू नको." तांब्यातलं पाणी तसंच होतं, घरी येऊन तिनं ते तुळशीला घातलं. मग मोरीशेजारच्या कोनाड्यातला निळ्या काठाचा कप काढला, राखेनं घासला आणि फळीवर बाकीच्या कपांत ठेवून दिला. तिला त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नाहीतर आता स्वतःचाही कप कोनाड्यात ठेवावा लागला असता, आणि कोनाडा लहान होता. आप्पा संध्याकाळी आले, कोनाड्यात हात घातला, तो रिकामा लागला. त्यांनी फळीकडे बघितलं, अव्वाकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा घेतला, बिनसाखरेचा.

त्यानंतर वस्तीत त्यांना कोरा, अगोड चहा मिळायला लागला, त्याच कपातून. आप्पा म्हणायचे, "काढा आहे नुसता," पण पिऊन यायचे. बोटं पुढं येत राहिली. मोरीतल्या मुंग्या गेल्या. आप्पांची करंगळी काढावी लागली, पाय राहिला, आणि त्या पायानं ते निवृत्तीनंतरही रोज रंकाळ्याला फेरी मारून यायचे.

माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले. एकदा दिवाळीला माहेरी आले होते. दुपारी खाली रिक्षा थांबली आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. शेवंताक्काचा मुलगा तिला धरून वर आणत होता. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. लुगड्याचा तेवढा भाग मोकळा लोंबत होता. ती दवाखान्यात दाखवायला आली होती आणि परत जाताना, म्हणाली, डाक्टरला बघून जावं वाटलं.

अव्वानं तिला पलंगावर बसवलं. आता ती तिला शेवंताक्काच म्हणायची. फळीवरचा निळ्या काठाचा कप काढला, चहा ठेवला आणि साखरेच्या डब्याकडे हात नेला, तसं शेवंताक्का म्हणाली, "साखर नको वैनी. पथ्य हाय." आणि मग स्वतःच खो खो हसली. "खरंच हाय हो! इस्वास ठेवा."

हसू ओसरल्यावर अव्वानं विचारलं, कधीपासून. काटा लागला होता, ती म्हणाली, दुखला नाही, म्हणून बघितलं नाही. ऊस तोडणीचे दिवस होते. पाय काळा पडला तेव्हा पोरगं घेऊन आलं. "तहान लागायची का सारखी?" अव्वानं विचारलं. लागायची. उन्हात कुणाला लागत नाही? "आणि मुंग्या? मुंग्या लागत होत्या का?"

शेवंताक्कानं अव्वाकडे बघितलं, एखाद्या भोळ्या पोरीकडे बघावं तसं. "आमी ओढ्याला जाणार वैनी. तितल्या मुंग्या कोण बघतंय?"

अव्वाच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, आरोग्यावरची, गरिबीवरची, सवयींवरची. मला त्यातलं काही आठवत नाही. आप्पांचा पाय वाचला, कारण त्यांना पगारी रजा होती, सरकारी दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता, वेगळी भाकरी करून घालणारी बायको होती आणि घरात मोरी होती. त्यात आप्पांचं कर्तृत्व काही नव्हतं. शेवंताक्का आप्पांपेक्षा कमी शहाणी नव्हती.

आप्पा खुर्चीतून उठून शेवंताक्काजवळ बसले आणि तिचा उजवा हात हातात घेतला. सुईच्या खुणा राहत नाहीत, पण ते बोट ते ओळखत असावेत. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"एवढी वर्षं हे बोट माझ्या हातात होतं, शेवंताक्का," ते म्हणाले. "दर फेरीला थेंब घेत होतो मी."

"तुमी तापाचं बगत हुता," ती म्हणाली, अगदी सहज. "तुमास्नी साखरंचं बगायला कुटं कुनी सांगिटलं हुतं? आमचं रगत चाललं की डाक्टर सगळ्यास्नी. पर त्यात काय हाय, ते कुनी इचारलं न्हाय."

आप्पांनी तिचं बोट सोडलं नाही. चहा गार होत होता. अव्वानं तो परत पातेल्यात ओतला आणि साखरेचा डबा बंद करून स्टोव्ह पेटवला.